मस्टर

रविवारी मिस्सा संपली की
वेदीमागच्या खोलीत मी अर्पणाची थैली उपडी करतो.
सवय जुनी.
शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं पगाराची पाकिटं भरली,
नाणी बोटांना न बघता ओळखू येतात.
एखादी नोट कोरी, एखादी घामानं मऊ पडलेली,
एखादीला मोल्डिंगच्या काळ्या वाळूचा वास.
ती मी बाजूला ठेवतो. का,
ते फादर दोमनिकनी कधी विचारलं नाही.

आज वाचन द्राक्षमळ्याचं होतं.
पहाटे आलेल्याला एक दीनार,
दिवस कलताना आलेल्यालाही तेवढाच.
फादर म्हणाले, देवाची कृपा मोजमापात बसत नाही.
मी पाचव्या बाकावर
मनातल्या मनात त्या मळ्याचं मस्टर लिहीत होतो.
शेवटी आलेला माणूस दिवसभर नाक्यावर उभाच होता की,
कुणी बोलावलं नाही म्हणून.
उभं राहण्याची मजुरी कुठल्या रकान्यात धरायची?
आमच्याकडे हजेरी होती, उचल होती, कँटीन कपात होती,
आणि शेवटी 'शेरा'.

केरबा आवळेच्या नावापुढे मी शेरा लिहिला नाही.
नावच काढलं.
रात्रपाळीत लॅडल कलला,
आणि सकाळी सातला मालकांचा मुलगा स्वतः माझ्या टेबलाशी.
चहा त्यानंच मागवला.
"भंडारे, ठेकेदाराचा माणूस तो. आपल्या मस्टरवर नसेलच ना?"
नसेलच ना.
हा प्रश्न की हुकूम, हे व्याकरण
पंचवीस वर्षांच्या नोकरीत पक्कं झालं होतं.
नवं पान घातलं. चाळीसाची एकोणचाळीस नावं,
एका शाईत, एका बैठकीत.
हात थरथरला नाही, हे मुद्दाम सांगतो.

आक्काताई गेटवर आली,
पदराच्या गाठीत त्याचा गेटपास.
"सायेब, नाव हुतं न्हवं त्येचं?
तुमीच तर हाक मारायचा."

त्याच उपवासकाळात पापनिवेदन केलं.
जाळीपलीकडून क्षमा आली, प्रायश्चित्त एक जपमाळ.
त्रेपन्न 'नमो मरिया'.
चाळीस नावांच्या पानापेक्षा तेरा जास्तच,
म्हटलं, खातं मिटलं.
देवानं सोडलेलं देणं
आक्काताईनं सोडलेलं नसतं,
एवढं कळायला मला, हिशेबनीसाला,
अकरा वर्षं लागली.

मधे निवडणूक आली.
तोच मुलगा आता उमेदवार, केस विरळ, हात जोडलेले.
मरियामाउलीच्या पुतळ्याला हार, फादरांना शाल.
"तुमचा समाज लहान, पण शिस्तीचा.
आवारात फरशी घालून देतो."
टाळ्या पडल्या. माझ्याही.
फादर आभार मानायला उठले आणि सहज विचारावं तसं म्हणाले,
"तुमच्याकडं ठेक्यावरच्या माणसाला रोज किती पडतो हो?"
नंतर मांडवात फक्त पंख्याचा आवाज.
फरशी आली नाही.
पावसाळ्यात बायका साड्या घोट्यावर धरून येतात,
आणि फादरांना नावं ठेवणारे
ती चिखलातून चालतानाच ठेवतात.

जुनं पान मी फाडलं नव्हतं.
धैर्य वगैरे काही नाही,
कारकुनाला कागद फाडवत नाही, एवढंच.
प्रार्थनेच्या पुस्तकात घडी आहे त्याची,
संत योसेफाच्या चित्राला चिकटलेली.
सतरावं नाव त्याचं. सही नाही, अंगठा.
घडीवर शाई फुटलीय, पण अंगठा वाचता येतो.

बेरीज झाली, दोन हजार तीनशे सत्तर.
वाळूच्या वासाची नोट
आज इतर नोटांत मिसळून टाकली.

उद्या कामगार न्यायालयात आक्काताईची तारीख आहे.
तिला सांगितलेलं नाही मी येतोय म्हणून,
सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं, कोण जाणे.
सकाळच्या केएमटीनं निघायचं.
साक्षीदाराला भत्ता मिळतो म्हणे.
घ्यायचा की नाही,
ते काही अजून ठरत नाही.